बी.एस्सी.च्या मुलांना खरं संशोधन करायला द्यायचं तर?

पेट्रीडिश

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. या फोरमवर प्राध्यापक, इंजिनिअर, पीएचडी करणारे, पालक असे सगळेच वावरतात, म्हणून हा धागा.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आमच्याकडे फील्ड प्रोजेक्ट, सीईपी (समाजसहभागाचं काम), ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), रिसर्च प्रोजेक्ट अशी बरीच मंडळी एकदम मुक्कामाला आली आहेत. चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च'ची सोय आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवलेल्या मुलांना ती घेता येते आणि त्यात १२ क्रेडिट निव्वळ संशोधन प्रकल्पाची. संलग्न कॉलेजांत धोरण २०२४-२५ला सुरू झालं, म्हणजे पहिली बॅच चौथ्या वर्षाला पोचेल २०२७-२८ला. तोवर काहीतरी घडी बसवायला हवी.

सध्या काय चालतं ते शिक्षकांना सांगायला नको. गावातल्या तीन विहिरींचं पाणी, त्याचा पीएच, टीडीएस, कॉलिफॉर्म जिवाणू मोजायची एमपीएन चाचणी. विहिरी दरवर्षी त्याच आणि मला दाट शंका आहे की आकडेही तेच. मागच्या बॅचची फाईल मिळवायची, पहिलं पान बदलायचं, बाइंडिंग करून आणायचं. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेची नोटीस लागली की महिनाभर पोस्टरची पळापळ. २००६पासून चालू असलेल्या त्या स्पर्धेतून चांगली मुलं पुढे आलेली मी पाहिली आहेत. पण आमच्यासारख्या ठिकाणी पोस्टर आधी ठरतं आणि प्रश्न मागाहून शोधला जातो.

माझ्या डोक्यात काय आहे ते सांगते. अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट २००८पासून सी-फेजेस नावाचा उपक्रम चालवते. पिट्सबर्ग विद्यापीठातले ग्रॅहम हॅटफुल त्यामागचे मुख्य शास्त्रज्ञ. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं अंगणातली, बागेतली माती घेऊन येतात आणि तिच्यातून जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फेज, वेगळे करतात. सापडलेल्या फेजला नाव ठेवायचा मान त्या मुलाचा. मग त्याचा जनुकीय क्रम लावतात आणि ती माहिती सगळ्यांना खुल्या असलेल्या डेटाबेसमध्ये जाते. फेज इतके नाना प्रकारचे असतात की कोणाच्या मातीत काय निघेल ते शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्रॅक्टिकल आणि संशोधन यांत मला हाच फरक वाटतो. प्रॅक्टिकलचं उत्तर माझ्या कपाटात असतं.

याच पठडीतल्या एका अभ्यासक्रमात, दक्षिण आफ्रिकेत डरबनच्या क्वाझुलु-नाताळ विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने २०१०मध्ये सडक्या वांग्याच्या खालच्या बाजूचा नमुना आणला. त्यातून निघालेल्या फेजचं नाव मडी. आठ वर्षांनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला फुप्फुस प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जिवाणूचा संसर्ग शरीरभर पसरला आणि अँटिबायोटिक्स हरली. तेव्हा हॅटफुल यांच्या संग्रहातले तीन फेज एकत्र करून तिला शिरेतून देण्यात आले. त्यांतले दोन प्रयोगशाळेत बदल करून घेतलेले होते. तिसरा मडी, जसाच्या तसा. ती मुलगी सुधारली. २०१९मध्ये नेचर मेडिसिनमध्ये हा सगळा वृत्तांत आला.

आता माझी परिस्थिती. टीवायला साठ मुलं. ऑटोक्लेव्ह आहे, पण त्याचा भरवसा नाही, म्हणून दोन मोठे प्रेशर कुकर. मायनस वीसचा एक फ्रीझर. जनुकीय क्रम लावायला पैसे नाहीत. विभागात आम्ही दोघी कायम, बाकी सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. यातून काय उभं राहील? कोणी केलं असेल तर सांगा.

जुना खडू

मॅडम, तळमळ कळते, पण माझं मत उलटं आहे. चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. टीवायच्या मुलाला ब्युरेटचं रीडिंग दोन दशांश स्थळांपर्यंत घेता येत नाही आणि आपण त्याला संशोधक करायला निघालो! आधी टायट्रेशन येऊ द्या, मोजमापातल्या त्रुटीचा अंदाज कसा मांडतात ते येऊ द्या. संशोधन एम.एस्सी.ला, पीएचडीला आहेच की.

आणि आता कोणीतरी रामन आणि चंद्रशेखर यांचे दाखले घेऊन येईल, म्हणून आधीच सांगतो. रामन यांचा पहिला निबंध १९०६ला फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये आला तेव्हा ते एम.ए.ला होते. वय अठरा असलं म्हणून काय झालं. चंद्रशेखर मात्र खरोखरच बी.ए. ऑनर्सला असताना छापून आले, हे मान्य. पण ते चंद्रशेखर होते.

सोल्डरगन

जुना खडू सर, इंजिनिअरिंगला आम्ही तुमच्या मताची फळं भोगतोय. चौथ्या वर्षापर्यंत मुलगा फक्त 'बेसिक' करतो आणि मग एकदम मेजर प्रोजेक्ट अंगावर येतो. मुंबई-पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपास रेडीमेड प्रोजेक्टची दुकानं राजरोस चालतात. कोड, सर्किट, पीपीटी आणि ब्लॅक बुक म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव अहवाल, सगळा संच मिळतो. व्हायवाला काय विचारतील तेही शिकवतात. मी एक्स्टर्नल परीक्षक म्हणून जातो तेव्हा स्मार्ट डस्टबिन, फेस रेकग्निशनवरची हजेरी आणि आर्डुइनोवरचं ठिबक हे तीन हमखास भेटतात. गेल्या खेपेला दोन वेगळ्या कॉलेजांच्या ब्लॅक बुकात एकच चूक एकाच पानावर होती.

वर भर म्हणजे काही ठिकाणी प्रोजेक्टवर 'पेपर पब्लिश' केल्याशिवाय पूर्ण मार्क नाहीत. मग पैसे भरले की चार दिवसांत छापून देणारं कुठलंतरी इंटरनॅशनल जर्नल. तिसऱ्या दिवशी 'ॲक्सेप्टेड विथ माइनर चेंजेस'. माइनर चेंज म्हणजे पैसे भरल्याची पावती जोडा!

टीवायवाला

सर, मी नावाप्रमाणेच टीवायला आहे, फिजिक्स. आमची बाजू ऐका. मला टायट्रेशन नाही, पण व्हर्नियर येतो :)

आम्हाला कोणी सांगतच नाही. तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने, बंगळूरची इंडियन अकॅडमी, दिल्लीची इन्सा आणि अलाहाबादची नासी. मला ती एसवायच्या उन्हाळ्यात कळली, तेव्हा मुदत कधीच संपली होती. अर्ज त्याच्या आधीच्या हिवाळ्यात करायचे असतात. टीआयएफआरचा व्हीएसआरपी, आयुकाचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस, ही सगळी नावं मला यूट्यूबवरून कळली, कॉलेजातून एकही नाही. वर्गातल्या एका मुलीला इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजार. त्यातले २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात हे तिला दुसऱ्या वर्षी समजलं. पहिल्या वर्षाचा उन्हाळा वाया.

आणि मेल. प्राध्यापकांना मेल करा म्हणतात. केले. कोणी उत्तर देत नाही. 'नाही' एवढंसुद्धा नाही.

पाचवंवर्ष

मेलबद्दल मी बोलतो, कारण आमच्या सरांचे मेल उन्हाळ्यात मीच चाळतो. पीएचडीचं पाचवं वर्ष, संस्था सांगत नाही.

टीवायवाला, तुझं मेल कदाचित चांगलं असेल, पण ते कशाच्या गर्दीत येतं ते बघ. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली फॅसिनेटेड बाय युअर एस्टीम्ड रिसर्च' आणि खाली दुसऱ्याच प्राध्यापकाचं नाव. आमची लॅब किड्यांच्या वर्तनावर काम करते, तरी निम्म्या मेलमध्ये 'युअर वर्क ऑन मशीन लर्निंग अँड नॅनो'. जे मेल आम्ही उघडून शेवटपर्यंत वाचतो, त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. मुलाने आमचा एखादा पेपर खरंच वाचलेला असतो आणि त्यातलं न कळलेलं काहीतरी विचारलेलं असतं. आठ-दहा ओळी, एक पानाचा बायोडेटा, येण्याच्या तारखा. न कळलेलं विचार, कळलेलं कौतुक नको.

आता दुसरी बाजू. आठ आठवड्यांचा इंटर्न येतो. पहिले तीन आठवडे पिपेट धरणं, सॉफ्टवेअर बसवणं, मेसचं कूपन. त्यात माझे रोज दोन तास जातात. सहाव्या आठवड्यात त्याला काम जमायला लागतं आणि आठव्यात तो निघून जातो. मागे राहतो पेन ड्राइव्हवरचा 'फायनल_फायनल_२' नावाचा फोल्डर. पुढच्या उन्हाळ्यात नवा मुलगा, पुन्हा पिपेट. शिकवायचा कंटाळा नाही मला, पण काम पुढे सरकतच नाही. सरांना त्याचं काही नाही, त्यांच्या अहवालात 'सहा इंटर्न' अशी ओळ येते.

सोल्डरगन

पाचवंवर्ष, हे वाचून बरं वाटलं. म्हणजे मोठ्या संस्थांतही फोल्डरचं नाव तेच असतं.

शनिवारवाडा_उत्तर

पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा माजी विद्यार्थी. काम पुढे कसं सरकतं त्याचं एक उदाहरण आमच्याकडे आहे.

'स्वयम्' हा उपग्रह मुलांनी बनवला. दहा सेंटिमीटरचा घन, वजन एक किलोच्या आत. २०१६च्या २२ जूनला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ने इतर एकोणीस उपग्रहांबरोबर गेला. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या आधाराने, मोटर किंवा इंधन न वापरता दिशा धरून ठेवायची, हा त्यातला अभ्यासाचा भाग. काम सुरू झालं होतं २००८च्या सुमारास. बी.टेक. चार वर्षांचं. म्हणजे ज्यांनी पहिली आकृती काढली ते प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी पास होऊन नोकरीला लागले होते. आयआयटी मुंबईच्या 'प्रथम'चंही तसंच. २००७ला कल्पना, उड्डाण २६ सप्टेंबर २०१६ला. वरच्या वातावरणातल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी करायला गेला तो.

मी स्वयम्‌च्या संघात नव्हतो, पण मित्र होते. हॉस्टेलवर त्यांचं जे चालायचं ते मी जवळून बघितलं. दुसऱ्या वर्षाचा मुलगा तिसऱ्या वर्षाच्या मुलाच्या शेजारी बसून फक्त बघायचा, चाचण्यांच्या नोंदी लिहायचा. चौथ्या वर्षाला गेलेल्याने नवं काही सुरू करायचं नाही, हातातलं लिहून सोपवायचं. कोणती चाचणी का फसली याची कागदपत्रं उपग्रहापेक्षा जड होती! इस्रोच्या परीक्षण बैठकीत विचारलेल्या प्रश्नाला 'ते करणारा मुलगा पास आऊट झाला' हे उत्तर चालत नाही ना.

जुना खडू

हे उदाहरण मला पटलं. पण बघा, यात दुसऱ्या वर्षाचा मुलगा आधी नोंदी लिहायला शिकतो. म्हणजे माझंच म्हणणं.

पेट्रीडिश

सर, तुमचंच म्हणणं, पण एक भर घालून. तो नोंदी लिहितो त्या खऱ्या कामाच्या, म्हणून नीट लिहितो. आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मुलं रीडिंग आधीच्या बॅचकडून उतरवतात, कारण रीडिंग चुकलं तरी कोणाचं काहीच बिघडत नाही. मला वाटतं दोन दशांश स्थळं तिथेच हरवतात.

सोलापुरी चादर

मी पालक. मुलगी एस.वाय.ला, केमिस्ट्री. जरा रोखठोक विचारतो. उन्हाळ्यात दोन महिने बंगळूरला पाठवायचं, राहायचा-जेवायचा प्रश्न, रिझर्व्हेशन, आईची काळजी. त्यातून पुढे काय? एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसली असती तर निदान तयारी झाली असती. लेखकांच्या यादीत नाव आलं तर नोकरी मिळते का?

टीवायवाला

काका, अकादम्यांच्या फेलोशिपमध्ये स्टायपेंड मिळतो, प्रवासखर्चही. फुकट राबायचं नसतं. बाकी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय.

लाफायेटची_वारी

सोलापुरी चादर, नोकरीचं थेट उत्तर कोणीच देणार नाही. पण चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केलेल्याला आता यूजीसीच्या नियमांनुसार पीएचडीला थेट अर्ज करता येतो, एम.एस्सी.शिवाय. तिथे आणि परदेशी प्रवेशासाठी सगळ्यात वजन असतं ते एका शिफारसपत्राला, आणि ते तुमच्या मुलीबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचं हवं. 'ही माझ्या वर्गात होती आणि वागणूक चांगली' या पत्राला इकडे कोणी विचारत नाही. मी अमेरिकेत परड्यू विद्यापीठाजवळ राहते, प्रवेश समितीवरच्या लोकांत ऊठबस आहे.

आणि तिला संशोधन आवडत नाही हे दोन महिन्यांत कळलं तरी फायदाच. ते पीएचडीच्या चौथ्या वर्षी कळलेली माणसं मला माहीत आहेत.

आता मूळ मुद्दा. इकडे हे सगळं फार जुनं आहे. एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९मध्ये यूआरओपी सुरू केलं, पोलरॉइडचे एडविन लँड यांचा त्याला पाठिंबा होता. मुलगा वर्षभर प्राध्यापकाच्या कामात असतो, क्रेडिट घे नाहीतर पगार घे. नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आरईयू १९८७पासून आहे. एकेका ठिकाणी दहाएक मुलं, उन्हाळ्याचे दहाएक आठवडे. तो इथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. भारतातली मुलं त्याला अर्ज करून वाट बघत बसतात म्हणून मुद्दाम लिहिते. भारतीय मुलांनी जर्मनीच्या डाडची वाइज आणि कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक या इंटर्नशिप बघाव्यात.

पण पेट्रीडिशताईंना उपयोगी पडेल ते यातलं नाही, परड्यूचं एपिक्स पडेल. १९९५पासून आहे. इंजिनिअरिंगची पहिल्या ते शेवटच्या वर्षाची मुलं एकाच गटात, एकाच कामावर, दर सत्राला थोडी क्रेडिट. मुलं गळतात, नवी येतात, गट तोच राहतो. ते सुरू करणाऱ्यांपैकी एड कॉयल यांनी तीच घडी पुढे संशोधनाला लावली, व्हीआयपी नावाने, आणि मग ती जॉर्जिया टेकला नेली. शनिवारवाड्याने सांगितलं ते सीओईपीच्या मुलांनी आपलं आपण शोधून काढलं, इकडे त्याला क्रेडिट जोडली.

पाचवंवर्ष

यात मला एक धोका दिसतो. गट कायम राहिला की सिनिऑरिटी येते, मग ज्युनिअरने चहा आणायचा आणि एक्सेल भरायचं. आमच्याच लॅबमध्ये एका इंटर्नने दोन महिने फक्त व्हिडिओतले किडे मोजले. पेपर आला, त्याचं नाव आभारात. मला ते बरं वाटलं नव्हतं. मोजणी त्याची होती.

नाव कुठे येणार हे पहिल्या आठवड्यात सांगून टाका. नंतर सांगायला तोंड राहत नाही.

खोडदची_वाट

हौशी आकाशनिरीक्षक, नारायणगावचा. पैसे आणि लॅब नाही म्हणणाऱ्या फिजिक्सच्या मंडळींसाठी. आमच्या गावाशेजारी खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यावर घेतलेली निरीक्षणं साधारणपणे १८ महिन्यांनी सगळ्यांसाठी खुली होतात, नाव नोंदवून कोणीही ऑनलाइन संग्रहातून उतरवून घेऊ शकतं. दुर्बीण कोट्यवधींची, तिचा डेटा फुकट.

आनंद होता (होता हे आडनाव) या खगोलशास्त्रज्ञांनी २०१३मध्ये रॅड ॲट होम सुरू केलं. देशभरातली बी.एस्सी., बी.ई.ची मुलं जीएमआरटीच्या सर्वेक्षणातली चित्रं बघून वेगळ्या दिसणाऱ्या दीर्घिका हुडकतात. लागतो साधा लॅपटॉप आणि शिकवणारं माणूस. डिसेंबरात जीएमआरटी चालवणारी एनसीआरए आणि आयुका मिळून पुण्यात कॉलेजच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. टीवायवाला, अजून एक नाव वहीत लिहून ठेव.

बॉटनीवाल्यांनी सीझनवॉच बघावं. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला पालवी, फूल, फळ नोंदवायचं. एका मुलाची एका वर्षाची नोंद म्हणजे काहीच नाही. पण कॉलेजच्या आवारातला तोच बहावा दहा बॅचनी बघितला तर?

सोल्डरगन

वा. दहा बॅच एक बहावा, हे प्रपोजलचं शीर्षक होऊ शकतं.

मला एक सांगायचं राहिलं. कोणी म्हणेल की हे सगळं नमुने गोळा करणं झालं, डोकं कुठे आहे? तर २००२मध्ये आयआयटी कानपूरला मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल, नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्या मोठी झाली तरी आटोक्यात राहणाऱ्या वेळात, ठरवायची रीत दिली. जगभर गाजली, एकेएस चाचणी म्हणतात. कयाल आणि सक्सेना यांचा बी.टेक.चा प्रोजेक्ट याच प्रश्नावर होता. निकाल लागला तो पदवी संपल्यावर लगेचच्या उन्हाळ्यात. गाईडने बी.टेक.च्या मुलांना स्वतःचा खराखुरा, अनेक वर्षं डोक्यात घोळणारा प्रश्न दिला, स्मार्ट डस्टबिन दिला नाही. बाकी हुशारी वगैरे आहेच.

जुना खडू

ती पोरं आयआयटीची. आमच्या तालुक्याची नव्हेत.

पेट्रीडिश

सर, वांगं कुठल्याही तालुक्यात सडतं :)

सगळ्यांचे आभार. वाचून माझी दिशा बदलली. मी 'साठ मुलांना साठ प्रोजेक्ट कसे द्यायचे' असा विचार करत होते. आता वाटतं की विभागाला एकच प्रश्न हवा, पाच-सात वर्षं पुरेल असा, आणि प्रत्येक बॅचने त्यात भर टाकून पुढच्या हातात द्यावा. मडी २०१०ला सापडला आणि २०१८ला कामाला आला, कारण मधली आठ वर्षं कोणीतरी ती कुपी चिठ्ठीसकट सांभाळली होती. आमच्या फ्रीझरमध्ये सध्या चिठ्ठ्या पुसलेल्या एपेनडॉर्फ ट्यूब्स (नमुन्यांच्या छोट्या कुप्या) आणि स्टाफचं आइस्क्रीम आहे.

तर असं ठरवते आहे. आमच्या तालुक्यात एका बाजूला ऊस आहे, दुसऱ्या बाजूला डोंगरावरचे सडे म्हणजे कातळाची पठारं, मध्ये दुष्काळी पट्टा. प्रत्येक एसवायच्या मुलाने एका ठिकाणची माती आणायची. जागा, तारीख, पीक, पाऊस यांची नोंद. टीवायची मुलं तिच्यातून फेज वेगळे करतील, शुद्ध करतील, कोणता फेज कोणत्या जिवाणूला मारतो ते तपासतील. जनुकीय क्रम वगैरे पैसे येतील तेव्हा. फ्रीझरमध्ये नीट जपलेला फेज वाट बघू शकतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) स्टार कॉलेज योजना पदवीच्या विज्ञान विभागांसाठीच आहे, तिथे अर्ज करायला प्राचार्यांना गाठते.

एक अडचण मात्र या धाग्यावर कोणी काढली नाही. आमच्याकडची निम्मी प्रॅक्टिकल सीएचबीवरचे शिक्षक घेतात. तासाला पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही ते जूनमध्ये कळतं. ज्याला पुढच्या वर्षाचीच खात्री नाही त्याला पाच वर्षांच्या प्रश्नात कसं ओढू? चौथ्या वर्षाच्या रिसर्च ऑनर्ससाठी विभागात पीएचडीचे दोन मान्यताप्राप्त गाईड हवेत. आम्ही दोघी कायम आहोत, त्यातली एकच गाईड आहे. जागा भरल्या नाहीत तर २०२७-२८ला आमची ७५ टक्केवाली मुलं साताऱ्याला नाहीतर कोल्हापूरला जातील आणि ज्यांना बाहेर राहणं परवडत नाही ती तीन वर्षांवर थांबतील.

शनिवारवाडा_उत्तर

सीएचबीचं ऐकून गप्प झालो. त्यावर फोरमवरून काही होणार नाही. पण मुलांनीच मुलांना शिकवायची रीत बसली तर शिक्षक बदलल्यावर तेवढी पडझड होत नाही. आमच्याकडे मार्गदर्शक प्राध्यापक बदलले होते, काम थांबलं नाही.

टीवायवाला

मॅडम, त्या अकादम्यांच्या फेलोशिपला शिक्षकही अर्ज करू शकतात. वेगळा गट असतो. सीएचबीवाल्यांना चालतं का ते जाहिरातीत बघावं लागेल. पण कायम असलेल्या तुम्ही दोघींपैकी एकीने तरी फेजवाल्या लॅबमध्ये दोन महिने काढले तर?

पेट्रीडिश

हे मला सुचलंच नव्हतं. अरे, तू टीवायला आहेस की एचओडी?

सोलापुरी चादर

मुलीला धागा वाचायला दिला. ती म्हणते बंगळूर नको, आधी कॉलेजमधल्याच मॅडमना विचारते उन्हाळ्यात लॅब उघडी ठेवाल का. रिझर्व्हेशनचा प्रश्न सुटला.

आगर_आगर

उशिरा आले. मी फेजवर काम करते, पुण्याबाहेर. पेट्रीडिश, तीन व्यावहारिक गोष्टी.

यजमान जिवाणू, म्हणजे फेज ज्याच्यावर वाढवायचा तो, म्हणून मायकोबॅक्टेरियम स्मेगमॅटिस घेणार असाल तर कल्चरसाठी पुण्यात एनसीएलमधल्या एनसीआयएमला किंवा चंडीगडच्या एमटीसीसीला, म्हणजे जिवाणूंच्या संग्रहांना, विचारा. हा सहसा रोग करत नाही आणि क्षयाच्या जिवाणूसारखा आठवडे लावत नाही, दोन-तीन दिवसांत वाढतो. पण तेवढ्यात प्लेटवर बुरशी आली तर सगळं गेलं. कुकरच्या भरवशावर पहिल्या वर्षी ई. कोलायचा निरुपद्रवी स्ट्रेन घ्या. रात्रीत प्लाक, म्हणजे फेजने जिवाणू मारलेले स्वच्छ ठिपके, दिसतात, मुलांचा उत्साह टिकतो. स्मेगमॅटिस दुसऱ्या वर्षी.

दुसरं, स्मेगमॅटिसच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ट्वीन ८० हे साबणासारखं रसायन घालतात. ते वाढवताना ठीक, पण फेज सोडायच्या वेळी माध्यमात ट्वीन नको. फेज जिवाणूला चिकटतच नाही. पहिल्यांदा करणारे इथेच अडकतात आणि 'मातीत फेज नाही' असं लिहून मोकळे होतात. कॅल्शियम क्लोराइड एक मिलिमोलर घाला.

तिसरं, वरचा आगर ०.७ टक्के, ओतताना ४५-५० अंश. गार झाला तर गुठळ्या, गरम असला तर जिवाणूच मरतो. पोरांना आधी नुसत्या आगरच्या वीस प्लेट ओतायला लावा.

जुना खडू

वीस प्लेट ओतायला मी येतो शिकवायला. कराडला असतो, एसटीने तासाभरात पोचेन. आणि मॅडम, प्लाक मोजताना एकच प्लेट नको, प्रत्येक विरलीकरणाच्या तीन. सरासरी आणि विचलन दोन्ही लिहून घ्या.

पेट्रीडिश

सर, नक्की या. येताना तुमचं ब्युरेटबद्दलचं भाषणही घेऊन या, यावेळी मुलं ऐकतील असं वाटतं. आगर_आगर, ट्वीनचं लिहिलंत ते बरं झालं, आमच्या स्टॉक माध्यमात ते आधीपासून घातलेलं आहे. ते आता वेगळं बनवते. ई. कोलायचा कोणता स्ट्रेन घेऊ तेवढं सांगा, ऑर्डर द्यायची आहे.

आगर_आगर

प्रयोगशाळेत नेहमी वापरतात त्या के-१२ कुळातला कुठलाही चालेल, एमजी१६५५ किंवा सी६००. आणि मागवला की त्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये दहा कुप्या करून ठेवा, तारीख आणि सहीसकट. आइस्क्रीम दुसरीकडे हलवा.